खालच्या मजल्यावरचा निवाडा

श्रूजबरीचं घर विकून मी वूस्टरमधल्या एका जुन्या, दुमजली लाकडी घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आले. सामान अजून ट्रकमध्येच होतं. मी मोकळ्या खोलीत उभी होते, तेवढ्यात पायाखालून काहीतरी धडधडायला लागलं. कानाच्या आधी ते तळपायांना कळलं. मला वाटलं, बॉयलर बिघडला. घरमालकाला फोन केला, तर तो निवांतपणे म्हणाला की बॉयलर ठणठणीत आहे, ते म्युझिक आहे; खालचे भाडेकरू रेगे लावतात, माणूस चांगला आहे, सवय होईल. सवय होईल म्हणणाऱ्यांचा मला लहानपणापासून राग आहे. ज्यांना सवय करून घ्यावी लागत नाही, तेच हे वाक्य बोलतात.

रेगे म्हणजे जमैका बेटावरचं संगीत, एवढं मला माहीत होतं. समुद्रकिनारा, नारळाची झाडं, सुट्टीवर गेलेली मंडळी, असं काहीतरी डोक्यात त्याच्याशी जोडलेलं होतं. खालून येणाऱ्या गाण्यांत मात्र सुट्टी नव्हती. शब्द नीट लागायचे नाहीत, पण आग, न्यायाचा दिवस, दुष्टांची पडझड हे परत परत यायचं, आणि तेही अगदी सावकाश, घाई नसलेल्या आवाजात. निकाल लागून गेलाय, फक्त वाचून दाखवायचा राहिलाय, असा त्या गाणाऱ्यांचा सूर. ठेकाही उलटा. आपण जिथं टाळी देतो तिथं हे गप्प, आणि आपण हात उचलतो त्या मोकळ्या जागेत यांची गिटार खट्कन वाजणार. पहिले काही दिवस कांदा चिरताना माझा हात चुकत होता.

हात चुकणं मला लागतं, कारण मी गाणाऱ्याची मुलगी. माझे वडील नागपूरला पोटासाठी गिरणीत जायचे आणि जिवासाठी जलशात. आमच्या वस्तीची गायन पार्टी होती. मागे ढोलकी, पेटी, कोरस आणि पुढे कानावर हात ठेवून वडील. त्या गाण्यांत देव नव्हता. देव सोडून दिल्याचीच ती गाणी होती. पाण्याचा हक्क, पुस्तक, कायदा, मताचा अधिकार, यांवर ते अशी तान घ्यायचे की बायका पदरानं डोळे पुसायच्या. आमच्या घरात भिंतीवर दोनच फोटो होते, एक बुद्धांचा आणि दुसरा निळ्या कोटातल्या, चष्म्यातल्या आमच्या बापाचा. 'देवाची कृपा' असं चुकून बोललं तरी वडील जेवता जेवता थांबायचे. म्हणायचे, कृपा नको, हक्क म्हण.

देव सोडणं म्हणजे काय, हे मला नवरा गेला तेव्हा कळलं. एका साध्या मंगळवारी, ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीचं दार उघडता उघडता तो गेला. अशा वेळी लोक वर बघून भांडतात. माझ्याच घरातून हा का नेलास, विचारतात. मला वर बघायची सोय नव्हती. गाऱ्हाणं घालायला आमच्याकडे वर कोणी नाही. हे आमचं स्वातंत्र्य आहे, वडिलांनी गाऊन गाऊन मिळवलेलं, आणि मी ते कधीच परत करणार नाही. पण त्या वर्षी ते फार थंड लागलं.

मराठी मंडळातल्या बायका आल्या होत्या, डबे घेऊन आल्या. खोटं कशाला बोलू. त्यातल्या एका काकूंनी हळूच विचारलं, तेराव्याचं काय करताय? मी म्हटलं, आमच्यात नसतं. त्यावर खोलीत जी शांतता पसरली ती माझ्या ओळखीची होती. आमच्या आडनावावरून पटकन काही कळत नाही, म्हणून इतकी वर्षं लोक पुढचा प्रश्न विचारायचे, नागपूरचे म्हणजे नागपुरात कुठले? नवरा हसून विषय बदलायचा. त्या दिवशी विषय बदलायला तो नव्हता. कुणी वाईट वागलं नाही, फक्त फोन कमी झाले. आमच्या समाजाची माणसं वर्षातून एकदा जयंतीला, एप्रिलमध्ये भेटायची, तीही दोन राज्यं पलीकडे, आणि मला हायवेवर ड्राइव्ह करायची भीती वाटते. मुलगी फ्रीमाँटला, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. आई, इकडे ये, म्हणते. एकदा जाऊन राहिले. टाउनहाउसमध्ये सकाळपासून ती आणि जावई दोघं दोन खोल्यांत दारं लावून मीटिंगमध्ये, आणि मी स्वयंपाकघरात चमच्याचा आवाज होऊ नये म्हणून जपून चहा ढवळतेय. त्यापेक्षा माझी हॉस्पिटलची लॅब आणि हे भाड्याचं घर बरं.

तर असा एकूण आनंदीआनंद असताना पायाखाली धडधड. एका रविवारी मी तावातावानं खाली उतरले. म्हातारा मागच्या अंगणात वाफ्यात वाकलेला होता. पाठीवर जटांचा भारा, पांढरी दाढी, डोक्यावर लोकरीची टोपी. मी भांडणाचं पहिलं वाक्य इंग्रजीत जुळवूनच आले होते, पण वाफ्याकडे बघितलं आणि तोंडून निघालं, "हा तर माठ आहे."

खरंच माठ होता. आमच्याकडे लसणाची फोडणी देऊन करतात तोच, पानं थोडी मोठी. त्यांच्याकडे त्याला वेगळं नाव आहे. म्हाताऱ्यानं न विचारता एक जुडी खुडून माझ्या हातात दिली, आणि मी जुडी घेऊन वर आले. भांडण तसंच राहिलं.

मग रविवार ठरून गेला. पुढच्या पोर्चवर त्याच्या दोन खुर्च्या असायच्या. एकीत तो, दुसरीत मी, माझ्या थर्मासमधला माझा चहा घेऊन, कारण दुसऱ्याच्या घरचा चहा मला कधीच आवडलेला नाही. तो शहराच्या बसगाड्या दुरुस्त करून रिटायर झालेला, एकटा. बायको कधीच सोडून गेली होती. त्याच्या जवळ बसलं की गांजाचा वास यायचा. या राज्यात तो कायदेशीर आहे, तेव्हा मी नाक मुरडण्यापलीकडे काही केलं नाही. त्याची इंग्रजी मला पहिल्यांदा निम्मीच कळायची. त्याला माझी पाऊण.

त्यानं मला त्याची गाणी समजावून सांगितली. ते लोक रास्ताफारी. गुलाम करून बेटावर नेलेल्यांची नातवंडं-पतवंडं. बायबल तेच, पण वाचायचं आपल्या बाजूनं. बायबलात बंदिवान करून बॅबिलॉनला नेलेल्या माणसांची गोष्ट आहे. ती माणसं म्हणजे आम्हीच, असं ते म्हणतात. बॅबिलॉन हे गाव नव्हे. बॅबिलॉन म्हणजे पोलीस, मळ्याचा मालक, शाळेत शिकवलेला खोटा इतिहास, माणसाच्या मानेवर बसणारं जे जे काही ते सगळं. मी म्हटलं, आमच्याकडे त्याला व्यवस्था म्हणतात. त्यानं तो शब्द दोन-तीनदा बोलून बघितला आणि त्याला तो फार आवडला. इथिओपियाच्या एका राजात त्यांना देव दिसला. देवाला ते जाह म्हणतात. आणि जाह सगळं बघतो, कुणी कुणाला किती छळलं ते विसरत नाही, आणि एक दिवस बॅबिलॉन पडणार आहे. म्हणून गाण्याला घाई नाही. ज्याचा निकाल ठरलेला आहे तो कशाला ओरडेल?

मग त्यानं विचारलं, तुझ्या वडिलांच्या गाण्यात कुणाला हाक मारतात? मी म्हटलं, कुणालाच नाही. आम्ही देव सोडला. त्यानं विचारलं, मग निवाडा कोण करणार? मी म्हटलं, कायदा. यावर म्हातारा इतका हसला की पोर्चच्या कठड्यावरचं कबूतर उडालं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी त्याला सांगितलं की आमच्या माणसानं देशाचा कायदा लिहिला, नुसती वाट बघत बसला नाही. तो म्हणाला, लिहिला ना, मग पडलं का बॅबिलॉन? मी म्हटलं, तुमच्या जाहनं तरी कुठं पाडलं? असं आमचं दर रविवारी चालायचं. त्याला माझी दया यायची, कारण माझ्या डोक्यावर कोणी नव्हतं. मला त्याचा राग यायचा, कारण सगळा हिशेब त्यानं वर सोपवून दिला होता. आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटायचा. त्याला कोणीतरी बघत होतं. मी पडले असते तर लॅबमधून फोन येईपर्यंत कुणाला कळलं नसतं.

तो मला माठ द्यायचा, मी त्याला डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानांतून मैत्रिणीनं पाठवलेला गूळ, इकडच्या दुकानातले नारळ, हिरव्या मिरच्या. तो आनंदानं घ्यायचा. एकदा म्हणाला, वडिलांचं एखादं गाणं म्हण. मी टाळलं. नंतर काही दिवसांनी लक्षात आलं की नवरा गेल्यापासून मी एकटी असतानाही गुणगुणलेलं नाही.

नवऱ्याच्या पहिल्या स्मृतिदिनाला मी म्हाताऱ्याला जेवायला वर बोलावलं. दुसरं कुणी नव्हतंच बोलवायला. मुलगी येणार होती, तिचं तिकीट ऐनवेळी कॅन्सल झालं. पुढच्या खोलीत नवऱ्याचा फोटो, पांढरी फुलं, मेणबत्ती. सकाळी मी एकटीनं वंदना म्हटली. मग वरण-भात, भरली वांगी, पोळ्या, खीर असा सगळा स्वयंपाक केला. म्हातारा स्वच्छ शर्ट घालून जिना चढून आला, दार उघडंच होतं, आणि तो उंबऱ्याशी थांबला. आत फोटोकडे बघितलं आणि एक पाऊल मागे सरकला. मी म्हटलं, या ना. तो आला नाही. मला वाटलं, संकोच असेल, म्हणून ताट वाढून दारात नेलं. त्यानं छातीवर हात ठेवला, ताटाकडे बघितलं आणि म्हणाला, "हे मला नाही चालत, सिस्टर." आणि जिना उतरून गेला.

मी ताट धरून दारात उभी राहिले. उंबऱ्याच्या आत यायचं नाही, शिजवलेलं घ्यायचं नाही. नारळ चालतात, गूळ चालतो, कच्चा शिधा चालतो. माझ्या चुलीवर शिजलं की विटाळ. हा नियम मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी तो आईच्या तोंडून ऐकलेला होता, गावोगावच्या घरांच्या ओसऱ्यांवरून. समुद्र ओलांडून, आकाश ओलांडून, एका जटावाल्या जमैकन म्हाताऱ्याच्या रूपात तो माझ्या दाराशी येऊन उभा राहील, असं मात्र मला कधी वाटलं नव्हतं. आमच्याकडे खाल्ल्या मिठाला जागतात म्हणतात. यानं मीठ खाल्लंच नाही, म्हणजे जागायचा प्रश्नच मिटला. मी ताट झाकून ठेवलं आणि त्या दिवशी मीही जेवले नाही.

वडिलांचा एक नियम होता. एकदा त्यांची पार्टी एका गावात गायला गेली होती. गाणं झालं, लोकांनी डोक्यावर घेतलं, आणि मग चहा आला तो वेगळ्या कपांतून, वरून धार धरून ओतलेला. वडिलांनी कप शांतपणे मातीत उलटा केला आणि ढोलकी उचलली. घरी येऊन आम्हा पोरांना सांगितलं: जो आपलं ताट नाकारतो, त्याच्या घरचं पाणी प्यायचं नाही. भांडायचं नाही, रडायचं नाही, फक्त पाणी प्यायचं नाही.

मी तो नियम काढला, झटकला आणि वापरायला घेतला. रविवारी खाली जाणं बंद. जिन्यात भेट झाली तर हवामानाचं एक वाक्य. त्यानं एक-दोनदा विचारलं, सिस्टर, काही झालंय का? मी म्हटलं, बिझी आहे. या देशात हे उत्तर सगळ्यांना पुरतं.

जानेवारीत त्याचा सण आला, इथिओपियाच्या पंचांगाप्रमाणे येणारा. तो बाटली घेऊन वर आला. लाल रंगाचं सरबत, आलं घातलेलं, त्यानं स्वतः केलेलं. झाकण उघडून त्यानं माझ्यासमोर धरलं आणि मला आंबट वास आला. ती अंबाडीची बोंडं होती. आमच्या विदर्भातली अंबाडी, माझी आई हिच्या बोंडांचं असंच सरबत करायची. माझे हात स्वेटरच्या बाह्यांत होते, ते मी तिथंच ठेवले. म्हटलं, मला चालत नाही. मुद्दाम तेच शब्द वापरले. त्यानं झाकण लावलं.

आणि मग बर्फातली ती दुपार. किराण्याच्या पिशव्या घेऊन मी जिन्यापर्यंत आले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली, म्हणून पहिल्याच पायरीवर बसले. घसा कोरडा पडला होता. त्याचं दार उघडलं. मला बघून तो आत गेला आणि पाण्याचा ग्लास घेऊन आला. माझ्या तोंडापासून तो ग्लास हातभर अंतरावर होता. मी म्हटलं, नो, थँक यू. तो वाकून तसाच उभा राहिला. मग सरळ झाला, माझ्याकडे एकदा नीट बघितलं, बाहेर जाऊन पाणी बर्फात ओतलं आणि दार लावून घेतलं. त्या बघण्यात राग नव्हता. काहीतरी ओळख पटल्यासारखं होतं. मला वाटलं, कळलं याला. बरं झालं. वडिलांची मान ताठ राहिली.

त्यानंतर खालचं संगीत हळू झालं, इतकं की जमीन हलेना. फक्त रविवारी सकाळी तेवढा थोडा आवाज यायचा, आणि एकट्या माणसाचं वाचणं. सुंठीवाचून खोकला गेला म्हणायला हवं होतं. पण घर इतकं गप्प झालं की फ्रिज बंद पडला तरी मी दचकायचे. संध्याकाळी लॅबमधून येऊन मी रेडिएटरला हात लावून उभी राहायचे, कारण पाइपमधून थोडी तरी धडधड लागायची. त्या न बघितलेल्या जाहशी मी मनात भांडत असायचे, वाद घालायचे, मुद्दे काढायचे. ते भांडणही गेलं. मला म्हाताऱ्याची आठवण येत होती आणि त्याचा तिटकाराही येत होता, आणि ही दोन्ही ओझी वाहून मी त्या हिवाळ्यात फार थकले.

एप्रिलमध्ये मुलीचा फोन आला. बोलता बोलता मी तिला पहिल्यांदा ही गोष्ट सांगितली, ताटाची. म्हटलं, बघ, इथंही सुटका नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, तो रास्ता आहे ना? दे डोन्ट ईट सॉल्ट. म्हणजे स्ट्रिक्टवाले तर मीठ, दूध, काहीच नाही. आणि ते डेथच्या जवळ जात नाहीत, फ्युनरलला पण नाही. तू त्याला बाबांच्या फोटोसमोर बसवून मीठ घातलेलं वाढत होतीस, यार."

मी विचारलं, तुला कसं माहीत? म्हणाली, कॉलेजमधली माझी रूममेट जमैकन होती, तिचे आजोबा तसेच. मी म्हटलं, मग आधी का नाही सांगितलंस? म्हणाली, तू आधी कुठं सांगितलंस? या पोरीला वकील करायला हवं होतं.

फोन ठेवून मी खिडकीशी गेले, तर खाली व्हॅन उभी. एक माणूस त्याचे कपाटाएवढे स्पीकर बाहेर काढत होता. मी जिन्यातूनच विचारलं. त्यानं सांगितलं, म्हातारा परत चाललाय, जमैकाला, डोंगरात बहिणीकडे. हे स्पीकर मी घेतले. रविवारी निघतो तो.

रविवारी सकाळी मी स्वयंपाकाला लागले. मीठ न घालता स्वयंपाक करणं म्हणजे काय, ते करून बघावं. हात आपोआप डब्याकडे जातो. मी मिठाचा डबा उचलून बाथरूममध्ये नेऊन ठेवला. माठ, पण दुकानातला; लसूण, मिरची, वर ओलं खोबरं. तुरीचं वरण, चिंच आणि गूळ घालून. खीर नारळाच्या दुधाची. डबे घेऊन खाली गेले आणि दार वाजवलं. त्यानं आताही नाही म्हटलं असतं तर मला दुसरी संधी नव्हती.

खोली रिकामी झाली होती. भिंतीवर स्पीकरांच्या मागचे चौकोन तेवढे स्वच्छ. तो एका खोक्यावर बसला, दुसरं माझ्याकडे सरकवलं. मी सगळं एका दमात सांगून टाकलं. आमच्याकडे काय असतं, कोण कुणाच्या हातचं खात नाही, कच्चं कसं चालतं आणि शिजवलेलं कसं नाही, वडिलांचा कप, वडिलांचा नियम. यात मीठ नाही, हेही सांगितलं. तो ऐकत राहिला.

"म्हणजे तुला वाटलं, मी तुझ्या हातचं खात नाही," तो म्हणाला.

"हो."

त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आणि मला वाटलं, तू माझ्या हातचं पीत नाहीस."

मग त्यानं सांगितलं. आपल्या भारतीय लोकांचं एक दुकान होतं, तिथं तो मिरच्या घ्यायला जायचा. मालक सगळ्यांच्या हातावर सुटे पैसे ठेवायचा, याचे मात्र काउंटरवर टाकायचा, बोट लागू नये म्हणून. कितीतरी वर्षं. म्हणून मी अंबाडीचं सरबत नाकारलं, तेव्हा त्याला थोडी शंका आली. बर्फातल्या दुपारी मी पाणी नाकारलं, तेव्हा खात्री पटली. धाप लागलेली असताना पाणी नाकारते, म्हणजे हिच्यात ते किती खोलवर असेल, असं तो म्हणाला.

 आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला त्या पलीकडच्या ओसरीवर बसवलं होतं, वरून धार ओतणाऱ्यांत.

"तुम्ही विचारलं का नाही?" मी म्हटलं.

"विचारलं होतं. तू बिझी होतीस." तो हसला नाही. "मी भांडत नाही, सिस्टर. मी ते जाहकडे दिलं. रविवारी वाचायला बसायचो तेव्हा सांगायचो, वर एक बाई राहते, तिचं तू बघ."

म्हणजे हिवाळाभर ती हळू केलेली गाणी, ते एकट्यानं वाचणं, त्यातली आग, त्यातला निकाल, सगळं माझ्यावर होतं. मी रेडिएटरला हात लावून ज्याची सोबत घेत होते, ती माझ्यावरचीच फिर्याद होती. माझ्या सात पिढ्यांत पाणी नाकारलं म्हणून कुणावर फिर्याद झालेली नाही. झाली असेल तर पाणी घेतलं म्हणून. मला रडू आलं आणि रागही आला, आणि नेहमीप्रमाणे राग आधी बाहेर पडला.

"तुमच्या जाहला सगळं दिसतं ना? मग हे कसं दिसलं नाही?"

त्यानं विचार केला. म्हणाला, "दिसलं असेल. म्हणून तुझ्या मुलीनं सांगितलं."

"तिची रूममेट जमैकन होती म्हणून सांगितलं."

"आणि ती रूममेट तिला कुणी दिली?"

"कॉलेजच्या हाउसिंग ऑफिसनं."

तेव्हा तो हसला, जुन्यासारखा, आणि रिकाम्या खोलीत ते हसू भिंतींना लागत राहिलं. मी डोळे पुसले आणि म्हटलं की ती फिर्याद मागे घ्या. तो गंभीर झाला. म्हणाला, घेतो. मग मी त्याच्याकडे पाणी मागितलं.

ग्लास सगळे बांधले गेले होते. त्यानं जॅमची रिकामी बरणी विसळली आणि नळाचं पाणी भरून दिलं. मी ते त्याच्यासमोर उभं राहून सगळं प्यायले. क्लोरीनचा वास होता. मग त्यानं डबे उघडले. वरण दोनदा घेतलं, मिरची जास्त झालीय म्हणाला. मीही त्याच्याबरोबर जेवले. खरं सांगते, ते अळणी वरण माझ्या घशाखाली उतरत नव्हतं, पण मी पानात काही टाकलं नाही.

निघताना त्यानं परत विचारलं, वडिलांचं एखादं? खोली मोकळी होती, बाहेर टॅक्सी थांबलेली. मी पाण्याच्या हक्काचं गाणं म्हटलं, एक कडवं, सूर खाली लागला. मी टाळी देत होते आणि तो माझ्या दोन टाळ्यांमधल्या मोकळ्या जागेत खोक्यावर थाप मारत होता. माझा ठेका अजिबात चुकला नाही.

तो गेला त्याला आता बरेच महिने झाले. बहिणीच्या डोंगरात फोन लागत नाही, किंवा तो उचलत नाही. खालचा मजला अजून रिकामा आहे; घरमालक रंग देणार म्हणतोय. मागचा वाफा मी सांभाळते, माठ आपोआप उगवला. रविवारी पोर्चवर एकाच खुर्चीत बसते, दुसरी घडी करून ठेवायला हात होत नाही.

एक गोष्ट मात्र मला सतावते. घेतो म्हणाला, पण माझ्यासमोर नाही घेतली. त्या दिवशी घाई होती, टॅक्सी होती, डबे धुवायचे होते. ज्याच्यावर माझा काडीचा विश्वास नाही, त्याच्या दरबारात माझ्या नावानं एक फिर्याद दाखल झाली होती, ती काढली गेली की तशीच पडून आहे, हे मला कळायला मार्ग नाही. परवा भाजी खुडता खुडता मी चक्क मान वर करून बघितलं, विचारावं म्हणून. मग माझं मलाच कसंतरी झालं. विचारणार कुणाला? खाली आता कोणी राहत नाही, आणि वर तर आमच्याकडे कधीच कोणी नव्हतं.